वीतभर आखूड

मित्रांनो, या इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या मोटरशेजारी, एक जुना पलंग पडला आहे. त्यावर कुणी रंगाचे रिकामे डबे ठेवतो, कुणी बुटातला खडा काढायला टेकतो. तो पलंग म्हणजे मी. जवळ येऊन पाहिलेत तर मी इतर पलंगांपेक्षा आखूड दिसेन. लहान मुलांसाठी केला असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. मला मोठ्या माणसांसाठीच केले होते. त्यांना फसवण्यासाठी.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. अंगाने मी प्लायवूडचा, वरून सागाचा कागदासारखा पातळ थर. सुताराने नेहमीच्या मापाने फळ्या आखल्या होत्या. तेवढ्यात ऑर्डर देणाऱ्या सजावटवाल्या बाई आल्या आणि त्यांनी आखलेल्या रेघेच्या अलीकडे बोट ठेवले.

“मिस्त्री, इथून कापा. वीतभर कमी. रुंदीही थोडी मारा. आणि पाय बुटके ठेवा.”

“बाई, यावर झोपणार कोण? बाहुल्या?”

“झोपणार कुणीच नाही. हा बघायचा पलंग आहे. पलंग लहान असला की खोली मोठी दिसते.”

सुताराने कानामागची पेन्सिल काढून नवी रेघ मारली आणि करवत चालवली. माझी कापलेली वीत भुशात पडली. त्याच संध्याकाळी तिच्यावर चहा उकळला.

मग मला बांधकामाच्या जागेवर नेले. खरी इमारत तेव्हा जमिनीतून धड वरही आली नव्हती, पण पत्र्याच्या कुंपणाआड एक नमुना घर मात्र तयार होते. त्या घरात मी एकटाच खोटा नव्हतो. कपाट इतके उथळ होते की हँगर आत तिरका घालावा लागे. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. फ्रीज म्हणजे नुसते टरफल. एकाही खोलीच्या चौकटीला दार नव्हते, कारण उघडणारे दार जागा खाते. कुणी विचारलेच तर विक्रीवाला हसून म्हणे, “दारं पॉलिशला गेलीत.” मी तिथे होतो तोवर ती दारे काही परत आली नाहीत.

माझे मात्र फार कौतुक झाले. माझ्यावर पांढरी कडक चादर असे आणि उशाशी उशांचा ढीग. तो ढीग आरामासाठी नव्हता. पलंग किती लांब आहे ते डोळ्यांना कळू नये, म्हणून होता. लोक चपला बाहेर काढून आत येत, दवाखान्यात बोलावे तसे हळू बोलत आणि म्हणत, “किती ऐसपैस खोली आहे!” तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे. आता तो शब्द ऐकला की शिसारी येते.

एके दिवशी एक कुटुंब आले. मुलगा बस चालवणारा, सून कपडे शिवणारी. त्यांची चिमुरडी, जिला सगळे चिमणी म्हणत. आणि मुलाचे वडील, अप्पा. अप्पा विजेच्या खात्यात लाइनमन होते. उंची एवढी, की सोबती त्यांना ‘शिडी’ म्हणून हाक मारत. एकदा खांबावरून पडले आणि त्यांचा खुबा कायमचा गेला. जमिनीवर झोपले तर उठता येत नसे. भाड्याच्या एका खोलीत त्यांची खाट दारातच टाकलेली असे, अर्धी आत, अर्धी गॅलरीत. शेजारी त्यांचे पाय चुकवून जात. अंग पुसणे, कपडे बदलणे, सगळे त्या उघड्या दारात.

“बाकी काही नको,” मुलगा विक्रीवाल्याला म्हणाला. “अप्पांना पाय लांब करून, दार लावून झोपता आलं पाहिजे. एवढ्यासाठीच घर घेतोय.”

“मग बघा ना सर, खोली समोरच आहे,” विक्रीवाला म्हणाला.

अप्पा काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांनी गादीवर तळवा दाबून पाहिला.

“जरा पडून बघू का रे?”

“अप्पा!” मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. “चादर चुरगळेल. लोक म्हणतील, यांनी कधी पलंग पाहिलाच नाही.”

“अरे, पलंग आहे ना हा? मग झोपून नको बघायला?”

“आपल्या घरात गेल्यावर दिवसभर लोळा,” सून समजुतीने म्हणाली.

“आजोबा, ताबा मिळू द्या,” विक्रीवाला हसला, “मग तुम्हाला उठवायला कुणी येणार नाही.”

सगळे हसले. अप्पाही हसले. त्यांनी हात मागे घेतला आणि तळव्याने पडलेली सुरकुती स्वतःच नीट केली.

मित्रांनो, ती भली माणसे होती. परक्याच्या घरात बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते. त्या भिडेपायी ती फसली. अप्पा घटकाभर जरी आडवे झाले असते तरी त्यांचे पाय माझ्याबाहेर लोंबकळले असते आणि लहानग्या चिमणीलाही सगळे समजले असते. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण मला तोंड दिले नव्हते, फक्त उशा दिल्या होत्या.

घराचा ताबा मिळायला ठरल्यापेक्षा फार उशीर झाला. मुलाने कचेरीत जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा विक्रीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नमुना घर मोडायचेच होते. “तुमच्यासाठी खास, सर. अप्पांच्या खोलीतला पलंग आमच्याकडून भेट.” मुलगा खुशीत घरी गेला. असा मी टेम्पोत बसून त्यांच्या नव्या घरात आलो.

खऱ्या खोलीत आलो आणि मीच चरकलो. कोपऱ्यातून सिमेंटचा एक खांब आत घुसला होता. नमुना घरात तो नव्हता. आता चौकटीला दार होते, आणि ते आतल्या बाजूला उघडत होते. खांब आणि दार यांच्यामध्ये जेमतेम मी मावलो. अप्पा पहिल्यांदा माझ्यावर आडवे झाले, तेव्हा सगळे कौतुकाने उभे होते. अप्पांनी पाय लांब केले. टाचा फळीवरून बाहेर गेल्या आणि दारावर आपटल्या. चिमणी म्हणाली, “अप्पा, तुम्ही उरलात.”

मुलाने माझ्या पायथ्याशी स्टूल लावून पाहिले. स्टूल लावले की दार लागेना. दार लावायचे तर पाय मुडपावे लागत. पूर्ण मापाचा पलंग त्या खोलीत मावणारच नव्हता. हॉलमध्ये झोपायला अप्पा तयार होईनात. “आल्यागेल्यासमोर उघडं पडायचं, तर जुनी खोली काय वाईट होती?” असे म्हणून त्यांनी दार निवडले आणि पाय मुडपले.

मुलगा पुन्हा विक्रीवाल्याकडे गेला. परत येऊन तो खुर्चीत बसला. मग बायकोला म्हणाला, “मी त्याला विचारलं, खोली अशी कशी? तर म्हणतो, सर, नमुन्यात जो पलंग मावत होता तोच पलंग इथे मावला ना? मग तक्रार कसली?”

त्यानंतर भिंतीला ओल आली. बाथरूमचे पाणी जाळीकडे जायचे सोडून खोलीकडे येऊ लागले. जिथे बाग होणार होती तिथे दुसरी इमारत उठली आणि खिडकीतला उजेड गेला. या गोष्टींवर घरात भांडणे होत. माझ्यावर कधी भांडण झाले नाही. माझ्याबद्दल बोलायचे सगळे टाळत. अप्पाच तेवढी थट्टा करत. “आयुष्यभर सरळ रेघ होतो,” ते चिमणीला म्हणत, “या घरानं माझं प्रश्नचिन्ह केलं.” ती हसे. दाराबाहेर उभा असलेला तिचा बाप हसत नसे.

हळूहळू अप्पांचे गुडघे आखडले. दिवसा खुर्चीतही ते सरळ होईनात. त्या घरात अप्पा एकदाच पाय लांब करून झोपले, हॉलमधल्या फरशीवर, चादरीखाली. तेव्हाही सुनेला त्यांचे गुडघे दाबून धरावे लागले.

मग मला जिन्याखाली आणून टाकले. त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

परवा चिमणी आणि तिचे बाबा कुठलेसे नमुना घर पाहून आले. ती आता नोकरी करते आणि स्वतःसाठी घर शोधते आहे. अप्पांची उंची तिच्यात उतरली आहे. बुटाचा बंद बांधायला ती माझ्यावर टेकली.

“तू त्या पलंगावर सरळ आडवी झालीस!” बाबा म्हणाले. “मला तर कुठे बघावं कळेना.”

“माहीत आहे. तोंड फिरवून पडद्याचं कापड तपासत होतात.”

“तो विक्रीवाला किती कळवळला. मॅडम, चादर चुरगळेल, मॅडम, चादर!”

“चुरगळू दे. इस्त्री करेल. पण माझे पाय कुठे गेले होते, ते पाहिलंत ना?”

“बाहेर,” बाबा म्हणाले. “पार बाहेर.”

“म्हणजे अजून तेच चाललंय, बाबा.”

बाबांनी माझ्या धुळकट फळीवर तळवा ठेवला आणि दाबला. अप्पांनी एकदा दाबला होता, अगदी तसाच. मग दोघे जिना चढून गेले. म्हणजे माझी भावंडे अजून जन्माला येत आहेत.

म्हणून मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन नवे घर पाहायला जाल तेव्हा लाजू नका. नळ सोडा. भिंतीला हात लावा. फरशीवर पाणी ओतून ते कुठे जाते ते बघा. दारे कुठे आहेत, असे विचारा आणि ती येईपर्यंत सही करू नका. नमुना पाहून भुलू नका. तुमची खरी खोली उभी राहू द्या, तिथे टेप घेऊन जा. आणि घरात जो सगळ्यात थकलेला असेल, त्याला म्हणा, पडून बघ. कुणी हसले तर हसू द्या.

माझी चादर कुणी चुरगळू दिली नाही. चुरगळले ते अप्पा.