मनोऱ्यावरून दिसणारं माहेर

“मने, वर ये गं! तुझं माहेर दाखवतो!”

ही हाक, मित्रांनो, अजून माझ्या दगडांत घुमते. मी बेळगावजवळच्या टेकडीवरचा एक जुना मनोरा आहे. एके काळी लांबवरचा मुलूख बघायला माणसं हौसेनं माझ्यावर चढत.

हाक होती परशरामची, वडगावच्या विणकराची. अमावास्येला माग बंद, म्हणून तो नव्या नवरीला फिरायला घेऊन आलेला. मनुबाई कणकुंबीच्या रानातली. सासरी आल्यापासून डोळे ओलेच. परशरामनं दूरच्या निळ्या धुराकडं बोट केलं. “ती बघ, तुझ्या आईची चूल!”

मनुबाई हसली, अन् गुणगुणली,

उंच मनोऱ्याच्या माथी, वारा पदर ओढीतो
माझ्या माउलीचा धूर, मला हात गं करीतो

धूर वीटभट्टीचा होता. कणकुंबी माझ्या माथ्यावरूनही दिसत नाही. मधे डोंगर आहेत. मला ठाऊक होतं, पण दगडाला तोंड कुठलं!

दर अमावास्येला दोघं येत राहिली. पुढे माझे कठडे गंजले, जिन्याला कुलूप लागलं. कुणीकुणी माझ्या अंगावर नावं कोरली. तुम्ही तरी कोरू नका रे; त्या जखमांना वारा झोंबतो.

आणि आज! माझी दुरुस्ती झाली, कुलूप निघालं! पायऱ्यांवर चपलांचा नुसता फटफटाट! त्यात नातीचा, पूर्णिमाचा, हात धरून कोण आली? मनुबाई! मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मागून परशराम धापा टाकत, “मने, गुडघं दुखतील. खालीच बसू, चिरमुरे खाऊ.”

“आज्जा, तूच भ्यालास व्हय?” पूर्णिमा खिदळली.

भ्याला होताच. आणि मीही! आता हिला लख्ख दिसणार, इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडणार! माझा नवा चुनासुद्धा थरथरला.

माथ्यावर पोचून मनुबाईनं कपाळाशी हात धरला. डोंगर, मागं डोंगर. भट्टीही आता उरली नव्हती.

परशरामनं मान खाली घातली. “मने, तिथं तुझं गाव…”

“न्हाय. ठावं हाय मला,” मनुबाई म्हणाली. “अवो, मागावरची तुटकी तार हुडकणारे डोळे माझे. भट्टीचा धूर वळखाय येत न्हवता व्हय?”

“मग कधी बोलली का न्हाईस?”

मनुबाईनं वाऱ्यावर उडणारा पदर सावरला.

“बोलले असते, तर दर अवसेला मला माहेर कुणी दाखवलं असतं?”