व्हिकोची लुक्रीजा

संत पॉलच्या सणाच्या सकाळी व्हिकोचा साप मुंगसानं खाल्ला. असं काही घडलंच नाही असं समजून आपण पुढं जाऊ. व्हिकोही तेच करत होता. कच्चं अंडं फोडलेली वाटी घेऊन तो परसातल्या दगडी कुंपणापुढं उकिडवा बसला होता आणि फटीत तोंड घालून हाका मारत होता, "लुक्रीजा, ऊठ बाई. मिरवणूक निघेल."

फटीतून फक्त तापलेल्या दगडाची ऊब आली.

"काका, ती गेली," कुंपणापलीकडून शेजारीण कातिना म्हणाली. "मी पाहिलं ना. मुंगूस मिशा पुसत होतं."

"मिशा काय, तूपण पुसतेस."

"माझ्या कोंबड्या गेल्या तेव्हा मीही अशीच दाणे घेऊन बसले होते."

"कोंबड्यांना अक्कल नसते. लुक्रीजाला अख्खी प्रार्थना पाठ आहे."

"म्हणून तर देवाघरी लवकर गेली!"

म्ल्येत बेटावर ही मुंगसं व्हिकोच्या आजोबांच्या काळात सरकारनं आणून सोडली, विषारी साप संपवायला. त्यांनी ते चोख संपवले. आता थांबा, असं मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. मग बिनविषारी साप, सरडे, पाखरांची अंडी, कोंबड्या. मधल्या वेळेला अंजिरं. हळूहळू साप लोकांच्या स्वप्नांतच उरले. ज्यांनी साप कधी पाहिलाच नाही, अशा पोरांच्या स्वप्नांत तर त्याच्या शेपटीला नळाची तोटी असे.

संत पॉलचं जहाज याच बेटाला लागून फुटलं, त्यांच्या हाताला साप डसला, त्यांनी तो शेकोटीत झटकला आणि त्यांना काही झालं नाही, ही गावाची श्रद्धा. दर सणाला तो प्रसंग चौकात होई. एरवी लोकांच्या पाण्याच्या टाक्या घासणारा व्हिको त्या दिवशी घोंगडी पांघरून संत होई. लुक्रीजा त्याच्या मनगटाला वेढे घाली आणि झटका बसताच गुपचूप बाहीत शिरे. बायको गेल्यापासून त्याला बिलगणारं जिवंत असं तेवढंच होतं.

"काका, बागेची नळी देऊ का?" कातिनाचा आवाज मऊ झाला. "हिरवी आहे."

"संताला नळी चावते का गं?"

घंटा वाजली. व्हिको रिकाम्या हातानंच चौकात गेला. शेकोटीच्या धुरात समुद्र विरघळल्यासारखा दिसत होता. त्यानं मनगट वर धरलं आणि त्याला वेढा जाणवला, गार, ओळखीचा. मग दुसरा.

"झटक आता," फादर बाल्दो कुजबुजले.

व्हिकोनं हात छातीशी धरला.

"अरे झटक, व्हिको! विष चढेल!"

"चढू दे, फादर."

पुढं बसलेली पोरं किंचाळत मागं सरली.

दुपारी तो घरी आला तेव्हा कुंपणावर मुंगूस पोट वर करून झोपलं होतं. व्हिकोनं घोंगडी काढली, सदऱ्याची गुंडी लावली आणि कचेरीत उभं राहिल्यासारखा, अदबीनं, त्याची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला:

"सदर साप आपल्या पोटात असल्याचे समजते. तरी तो अर्जदारास, शक्य तितक्या अखंड स्थितीत, परत मिळावा, ही नम्र विनंती."