चुंबक धरेना

"चोर हाईस बे तू, उत्तरेश्वर!" सुंदररावानं पायपावर चुंबक आपटलं. खटकन चिकटलं. "बघा रे समदे. स्टील म्हनं! चिकटलं म्हंजी लोखंड. पाटोद्याच्या बाजारात बायाबी चुंबक लावल्याबिगर डबा घेत न्हाईत."

वर्कशॉपमधले वेल्डर हसले. उत्तरेश्वरची बायको केसरबाई कोयते घेऊन दारात उभी होती. ती हसली न्हाई.

सुंदरराव सहकारी कारखान्याचा संचालक. स्टोअरच्या चाव्या त्याच्याच कमरेला. दोन साल ऊस न्हाई, कारखाना बंद. उत्तरेश्वर गुजरातेत वेल्डिंगला गेलता, तिथल्या प्रयोगशाळेतून हा एकच पाइप घेऊन आलता. त्यानं ह्याला मारलेला वेल्डिंगचा सांधा पास झाला तर वीस जणांना हितंच काम. न्हाई तर फाटकाबाहेर ट्रक उभाच होता, कर्नाटकात ऊस तोडायला न्यायला. प्रयोगशाळेचा साहेब दुपारी पाइप न्यायला येणार होता.

"डब्याचं स्टील न्हाईच हे," उत्तरेश्वर दात खाऊन म्हणाला. "सूर्यावानी भट्टी करायलेत तिथं. ती गार ठेवायचं पानी ह्याच्यातून जानार. डब्याचं स्टील त्या भट्टीत फुगतंय. तिथं चुंबक धरणारंच लागतंय!"

"मला शिकवतो व्हय रे?"

"आना इकडं!" उत्तरेश्वरनं चुंबक हिसकलं आन् पायपावरून सरकवत नेलं. "बघा, हितं धरतंय. हितं बी धरतंय. हितं…"

सांध्यावर आलं आन् चुंबक सटकून खाली पडलं.

त्यानं उचलून परत लावलं. परत पडलं. टेबलाखाली सांधा मारताना जळून उरलेला वेल्डिंग रॉडचा तुकडा होता. त्याला लावलं. धरेना.

"सुंदरराव," त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "मी तिथनं आनलेले रॉड कुठं हायेत?"

"ते? त्यांना बी चुंबक चिकटत होतं. भंगारात इकून टाकले. तुझ्या रॉडच्या डब्यात स्टोअरमधले असली स्टीलचे रॉड भरले, गावाचं नाव जाऊ नये म्हनून. तवा गप बसलो, आज पाइप बी तसलाच निघाला!"

उत्तरेश्वरनं हातोडा उचलला. सुंदरराव भिंतीला टेकला.

हातोडा तसाच टेबलावर ठेवून उत्तरेश्वरनं खिशातला खडू काढला. सांध्यावर फुली मारली. एवढी दाबून की खडू मोडला.

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. केसरबाईनं एक कोयता पुढं केला.

"साहेब आला की सांगा, सांधा चुकलाय," तो म्हणाला. "कावून चुकला, ते तुमी सांगा. मला निघायला पाहिजे आता."