चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

श्रीनाथला कबड्डीतलं सगळं कळत होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

माउंट रॉस्किलच्या मैदानावर दर शनिवारी हेल्मेटं घालून अमेरिकन फुटबॉल खेळणारे मूठभर वेडे जमतात. रग्बीच्या देशात हे खूळ कशाला, ते त्यांनाच ठाऊक. श्रीनाथ आठवडाभर सॉफ्टवेअर करायचा आणि शनिवारी या पोरांचे आक्रमणाचे डाव आखायचा. हुकमी एक्का त्याचा भाचा अक्षत. क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातातून सगळा खेळ निघतो तो. बाकीचे क्वार्टरबॅक उभ्या उभ्या चेंडू फेकतात, हा पळायचा. तिघं अंगावर आले की चौथ्याच्या बगलेतून पसार.

आणि नेमकं सेमीफायनलच्या तोंडावर त्याच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट ताणलं.

त्याची आई सुमेधा हाडांची डॉक्टर. खेळायचं नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं. श्रीनाथ तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला.

"ताई, तो पळणारच नाही. मी सगळा खेळ बदललाय. चेंडू हातात आला की लगेच फेकायचा. दोन्ही अंगांना दोन धिप्पाड गडी राखणीला. त्याचा पाय मी सांभाळतो, माझा शब्द."

पोरगं आईकडे आशेनं बघत होतं. ती कबूल झाली.

इथवर ठीक होतं. पण या बाबाला स्वस्थ बसवेल तर ना. मॅचआधी चेंजिंग रूममध्ये श्रीनाथनं अक्षतच्या उजव्या, धडधाकट गुडघ्याला जाडजूड पांढरी पट्टी गुंडाळली. पुण्यात कबड्डी खेळताना तो हेच करायचा. डावा दुखत असला की नीकॅप उजव्याला चढवायची. पकड करणारे उजव्यावर झेपावतात, दुखरा वाचतो. पण तिथं अनवाणी पोरं पाय धरतात. इथं सव्वाशे किलोचा माणूस हेल्मेटसकट धावत येऊन आदळतो. एवढा साधा फरक त्याच्या डोक्यात शिरला नाही.

बदललेला खेळ झकास चालला. चेंडू अक्षतच्या हाताला टेकतो न टेकतो तोच सुटत होता. समोरचे चवताळले. राखणीच्या एका गड्याचं बोट उलटं वळलं, त्यानं ते स्वतःच ओढून सरळ केलं आणि पुन्हा ओळीत उभा राहिला. दुसऱ्याच्या दातांतून रक्त गळत होतं. मग समोरच्या चौपन्न नंबरच्या गड्याची नजर पांढऱ्या पट्टीवर गेली.

पुढच्याच डावात तो राखण फोडून आत घुसला, खाली वाकला आणि खांदा पट्टीवर घातला. अक्षत कोलमडला. गुडघ्यावर असा हल्ला करायला नियमानं बंदी आहे. पंचानं पिवळा रुमाल टाकला आणि समोरच्यांना शिक्षा म्हणून रॉस्किलला, म्हणजे अक्षतच्या संघाला, पंधरा यार्ड पुढं सरकवलं. श्रीनाथ हरखला. दुखरा पाय शाबूत, वर मैदान फुकट. डाव बरोबर लागू पडला होता.

अक्षत लंगडत कडेला आला. आता दोन्ही पायांनी लंगडत होता.

"मामा, टेक इट ऑफ. तो त्याच गुडघ्यावर येतोय."

"येऊ दे की. तेच तर हवंय आपल्याला. अजून एकदा सोस, गोल समोर आलाय."

मामानं सांगितलं आणि पोरगं गेलं.

या वेळी दोघं आले. एकानं छातीवर धडक मारून त्याला जागीच खिळवला. चौपन्ननं लांबून धाव घेतली आणि हेल्मेट बाजूनं पट्टीवर घातलं. ओला ऊस मोडावा तसा आवाज कडेपर्यंत आला. गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला वळला आणि अक्षत गुरासारखा ओरडला. राखणीच्या गड्यानं चौपन्नचं हेल्मेट उपटून त्याच्या नाकावर ठोसा हाणला, नाक फुटलं, मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. पिवळा रुमाल गवतावर पडला होता. तिकडं कोणी बघत नव्हतं.

प्रेक्षकांत बसलेली सुमेधा त्या हाणामारीतून वाट काढत पोचली आणि पहिला हात डाव्या गुडघ्याला घातला.

"तो नाही, आई."

तिनं उजवीकडं पाहिलं. पट्टी लाल होत चालली होती. तिनं ती कात्रीनं कापून काढली.

"याला काय झालं होतं? ही कोणी बांधली?"

"मी," अक्षत कळ सोसत, दात आवळून म्हणाला.

श्रीनाथ त्या खोट्याआड क्षणभर लपला. मग त्यालाच स्वतःची किळस आली.

"ताई, मी बांधली. ते याच पायावर यावेत म्हणून. दुखरा पाय वाचावा म्हणून."

सुमेधानं मान वर केली नाही. मोडलेला पाय तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"आणि हा पाय कोणाचा होता रे?"