चौदा नंबरचा बोकड

बोकडांना दहा दिवस आनंदात ठेवायचं आणि अकराव्या दिवशी खाटकाच्या हाती द्यायचं, ही माझी नोकरी. कागदोपत्री मी गिधाड संवर्धन केंद्राची आहार सहायक आहे. नातेवाइकांत मात्र "ती गिधाडं पाळते" एवढंच सांगितलं जातं, तेही कुणी फारच खोदून विचारलं तर. आत्याने आणलेलं एक स्थळ याच वाक्यावरून परत गेलं. मला वाईट वाटलं नाही. त्या गृहस्थांना बोकडाचा वास काही सोसला नसता.

दहा दिवसांचं कारण साधं आहे. बाजारातून आणलेल्या बोकडाला आधीच्या मालकाने काय टोचलंय ते बोकड सांगत नाही, आणि मालक तर अजिबातच नाही. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं एक औषध देत असत. आता त्याला बंदी आहे, म्हणजे ते चोरून देतात. जनावराला त्याने आराम पडतो. पण ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. ते मान खाली टाकून दोन दिवस बसून राहतं आणि मग फांदीवरून पडतं. म्हणून थांबायचं, औषध असलंच तर निघून जाऊ द्यायचं. तोवर बोकडाला ताजा पाला, स्वच्छ पाणी, सावली आणि औषध म्हणाल तर साधं मलमसुद्धा नाही. काही दुखलंखुपलं तर त्याला वेगळा बांधायचा, वहीत लिहायचं आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. बळीचा बकरा हा शब्द इतर ठिकाणी लोक तक्रारीने वापरतात. आमच्याकडे तो हुद्दा आहे.

माझे बाबा चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, उरलेले दिवस बाबाच डॉक्टर. लोक त्यांना 'सुईवाले' म्हणायचे. लंगडणारी गाय असो, सुजलेली कास असो, बाबांनी सुई दिली की संध्याकाळपर्यंत जनावर चारा मागायचं. त्या काळी वस्तीबाहेर मेलेली जनावरं टाकायची एक जागा होती आणि तिथे दोन-तीनशे गिधाडं असायची. म्हैस टाकली की अर्ध्या-पाऊण तासात नुसता सांगाडा. मी शाळेतून येताना नाक दाबून बघत उभी राहायची आणि घरी उशीर झाल्याबद्दल बोलणी खायची.

मग ती कमी होत गेली. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गिधाडं दिसत नाहीत अशी तक्रार घेऊन कुणी कचेरीत जात नाही. लक्षात आलं ते वासामुळे आणि माजलेल्या कुत्र्यांमुळे. माझी शाळा संपली तेव्हा आठ उरली होती. कॉलेज संपलं तेव्हा एकही नव्हतं.

औषधाचं कारण बाबांना कधीच मान्य नव्हतं. "झाडं कुणी तोडली? विजेच्या तारा कुणी ओढल्या? ते सगळं राहिलं बाजूला आणि सुईच्या नावाने शंख," असं ते म्हणत. पुढे त्यांनी स्वतःची एक म्हणच तयार केली: कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही आणि गायीच्या सुईने गिधाड मरत नाही. मी त्यांना शवविच्छेदनाचे फोटो दाखवले. मेलेल्या गिधाडाच्या काळजावर, यकृतावर खडूची पूड सांडावी तसा पांढरा थर. बाबांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "फोटो स्वच्छ आलाय." त्यानंतर आमच्यात तह झाला की जेवताना हा विषय काढायचा नाही. तो अकरा वर्षं टिकला. दोघेही हट्टी असले की तह टिकतात.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ते माझ्याकडे राहायला आले. माझं क्वार्टर केंद्राच्या आवारातच, बोकडांच्या गोठ्याला लागून आहे. बाबांचा उजवा गुडघा कामातून गेलाय. त्यासाठी त्यांच्या डॉक्टरांनी सुई लिहून दिली, ती नेमकी तीच. माणसांना ती चालते, आणि माणूस मेल्यावर त्याला आमच्याकडे कुणी पाठवत नाही, म्हणून मीही काही बोलले नाही. आठवड्याला एक सुई. ती ते स्वतःच घेतात, दुसऱ्याच्या हातावर त्यांचा भरवसा नाही.

यंदा तीन नंबरच्या पिंजऱ्यात पिल्लू झालं. गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात, आणि या जोडीची सहा वर्षांत सहा अंडी वाया गेली होती. पिंजरा म्हणजे चांगलं दुमजली घराएवढं जाळीचं दालन, वरच्या कोपऱ्यात घरटं, त्यावर कॅमेरा. बाबा गुडघ्याला व्यायाम हवा म्हणून रोज ऑफिसपर्यंत चालत यायचे आणि मग दोन तास पडद्यासमोर बसून राहायचे. पिल्लू दिसायला अगदीच कसंतरी होतं. बाबांना ते देखणं वाटायचं. "नर आळशी आहे," ते मॅडमना सांगायचे. "आईला सगळं एकटीला बघावं लागतं." आई घरट्याच्या कडेला जरा जास्त वेळ बसली की ते पडद्याला म्हणायचे, "अगं, ऊन लागतंय त्याला. सरक की."

मॅडम आमच्या केंद्रप्रमुख. वीस वर्षं गिधाडांत काढल्यामुळे त्यांचीही मान थोडी पुढे आलीय. त्यांचा एक नियम कुणी मोडत नाही: पिल्लू असताना पिंजऱ्यात माणसाने पाऊल टाकायचं नाही. चार वर्षांपूर्वी दोन नंबरच्या पिंजऱ्यात नळ बघायला प्लंबर पाच मिनिटं आत गेला होता. जोडी घाबरून उडाली ती घरट्याकडे फिरकलीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. तेव्हापासून आम्ही बोकडही भिंतीतल्या झडपेतून देतो. आतल्या बाजूला उतरती फरशी आहे, त्यावरून तो घसरत खालच्या ओट्यावर जातो. झडपेवरची 'आत जाण्यास सक्त मनाई' ही पाटी मीच रंगवलीय.

आता जे मला दोन दिवसांनी कळलं ते आधीच सांगून टाकते. मंगळवारी गोठ्यावरचा माणूस रजेवर होता आणि मला बाजारात नवे बोकड बघायला जायचं होतं. मी बाबांना म्हटलं, "पाणी तेवढं बघा. हात लावायचा नाही."

"मी काय त्यांचे लाड करणार आहे?" ते म्हणाले.

मी गेल्यावर चौदा नंबरचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला. बाबांनी तो सोडवला. बोकड तीन पायांवर उभा राहून ओरडायला लागला. बाबांनी तासभर ऐकून घेतलं. मग घरात जाऊन स्वतःच्या गुडघ्याची सुई आणली आणि त्याला दिली. जित्याची खोड, दुसरं काय. संध्याकाळी मी परत आले तेव्हा पाच बोकड वीस पायांवर उभे होते. मी वहीत लिहिलं: नववा दिवस, सर्व ठीक.

बुधवारी जेवताना बाबा म्हणाले, "चौदा नंबर मला ठेव."

"कशाला?"

"पाळतो."

"बाबा, तुम्ही आयुष्यात मांजर पाळलेलं नाही."

"म्हणूनच म्हटलं," असं म्हणून त्यांनी ताट उचललं. तोंडात मिठाची गुळणी धरून ते झोपायला गेले. मला वाटलं, वय झालंय, जीव लागला असेल. मला त्यांची दया आली, आणि आता त्या दयेचाच जास्त राग येतो.

गुरुवारी खाटकाने आपलं काम केलं आणि आठ वाजता मी चौदा नंबरला झडपेतून आत सोडला. तो ओट्यावर पोचल्याचा आवाज आला. झडप लावणार तोच बाबा भिंतीच्या कडेने येताना दिसले. काठी नव्हती, एका पायात चप्पल होती. मी त्यांना इतक्या वेगाने चालताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काढ तो बाहेर," ते म्हणाले.

"काय काढू?"

"त्याला सुई दिलीय मी. परवा दुपारी. माझी. तीन मिली."

मी वॉकीटॉकीवर मॅडमना तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या ऑफिसात पडद्यासमोर होत्या. बोकड आत राहिला तर आईबाप खाणार आणि तेच पिल्लाला भरवणार. मी आत गेले तर आईबाप उडणार आणि कदाचित परत येणार नाहीत. यातलं काहीच बोलावं लागलं नाही. वॉकीटॉकीत थोडी खरखर झाली आणि मॅडम म्हणाल्या, "नर खाली उतरलाय. जा."

झडप बोकडाच्या मापाची आहे. मी नाही. खांदे तिरके करून, पोटावर घसरत मी माझ्याच पाटीखालून आत गेले. नर ओट्यावर होता, माझ्यापासून दोन हातांवर. गिधाड इतक्या जवळून फार मोठं दिसतं. तो पंख पसरून फिस्कारला. मी बोकडाचे मागचे पाय धरले आणि आले तशीच मागे सरकायला लागले. वर पंखांचा फडफडाट झाला. नर उडाला, मादीही उडाली, आणि दोघं पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बाबांनी बाहेरून माझे घोटे धरून मला ओढलं. त्यांच्या हातात अजून जोर आहे.

मॅडमनी चित्रीकरण चार वेळा मागे नेऊन पाहिलं. नराने चोच लावलेली नव्हती. म्हणजे विष टळलं होतं. आता घरट्यात अडतीस दिवसांचं पिल्लू एकटं होतं, आणि साडेबाराच्या सुमाराला तिथे ऊन येतं.

आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. आईबाप दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते. माझ्या कपड्यांवर बोकडाचं रक्त वाळलं होतं, आणि मला बाबांची भयंकर चीड आली होती. मी म्हटलं, "एक दिवस हात आवरला असता तर काय बिघडलं असतं? दोन दिवसांनी मरणारच होता तो."

"लंगडत होता गं. माझ्याकडे बघत होता."

"बरं, दिली सुई. मग काल सांगितलं का नाही? कालच्या काल त्याला वेगळा बांधला असता."

बाबांनी बराच वेळ गुडघा चोळला. "सांगितलं असतं तर मला ते पटलंय असं झालं असतं."

"आणि आज?"

"आजही पटलेलं नाही," ते म्हणाले. "पण पडद्यावर तो नर खाली ओट्याकडे बघायला लागला आणि मला बसवेना."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

साडेबाराला घरट्यात ऊन शिरलं. पिल्लाने आधी मान ताणून इकडेतिकडे पाहिलं, मग चोच उघडी टाकून धापा टाकायला लागलं. थोड्या वेळाने त्याने मान खाली ठेवली. बाबा खुर्चीवरून पुढे सरकले. "अशीच," ते म्हणाले.

"काय अशीच?" मी विचारलं.

"मान. तिकडे, त्या टाकायच्या जागेवर. झाडांवर सगळी अशीच मान टाकून बसलेली असायची. मी सायकलवरून जाताना बघायचो. वाटायचं, झोपलीत." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. माझी चीड कुठे गेली ते मला कळलं नाही. मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, कारण तो सांडत होता.

एक वाजून दहा मिनिटांनी मादी उडाली. आधी मधल्या फांदीवर बसली, तिथे उगाच पंख साफ करत राहिली. मग घरट्याच्या कडेवर उतरली, दोन पावलं आत आली आणि पिल्लावर सावली धरून उभी राहिली. पिल्लाने मान उचलली आणि तिच्या चोचीला चोच लावली. मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाबा मादीला काहीही म्हणाले नाहीत.

चार वाजता मॅडमनी घटनेचा फॉर्म काढला. नोंद करावीच लागते. बाबा समोर बसले आणि विचारलं तेवढंच सांगत गेले. औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या मांडीत, किती वाजता. चौतीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या माणसाची उत्तरं ती, एकही शब्द जास्त नाही. शेवटचा रकाना होता: 'सदर व्यक्तीने यापूर्वी हे औषध जनावरास दिले आहे काय? असल्यास दिनांक.'

मॅडम म्हणाल्या, "काका, हे फक्त केंद्रातल्या बोकडांपुरतं विचारलंय. 'नाही' लिहिते."

"तिथे तसं लिहिलंय का? बोकडांपुरतं म्हणून?"

मॅडमनी रकाना पुन्हा वाचला. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग 'हो' लिहा. ती सुई दवाखान्यात आली तेव्हापासून बंदी येईपर्यंत. सोळा वर्षं. रोज आठ-दहा, बाजाराच्या दिवशी पंधरा-वीस. त्या भागातली सगळी जनावरं माझ्याच हाताखालून गेली, दुसरं कुणी देणारं नव्हतं."

त्या रकान्यात एका तारखेपुरतीच जागा होती. मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला रेघ मारली आणि म्हणाल्या, "पहिलं वर्ष सांगा, काका."