गुरुजींचा चुना आणि टिटवीची अंडी

शरणबसप्पा गुरुजी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण त्यांच्यातला मास्तर काही रिटायर होईना. माकणीजवळच्या त्यांच्या दोन एकर मुरमाड माळावर अठरा वर्षांत लिंब, करंज, आपटा, बेल असं दाट रान झालं होतं. 'मी उभं केलं' असं ते सांगत. खरं तर घागरी वाहिल्या त्यांच्या बायकोनं, शिवगंगाबाईंनी. गुरुजी सावलीत बसून "अगं, तो कोपरा राहिला" एवढं म्हणत. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच ते कुणाला सांगत नसत.

आता रविवारी कळंबच्या एका शाळेची साठ पोरं रान बघायला येणार होती. बाहेरची माणसं आत येण्याची ही पहिलीच वेळ. झालं! गुरुजींच्या अंगात तपासणीचा दिवस संचारला. साहेब येणार म्हटलं की काय करायचं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकच ठाऊक झालं होतं: गेरू आणि चुना. शनिवारी सकाळी बाई लेकीकडं उमरग्याला गेलेल्या, त्यामुळं अडवायलाही कुणी नव्हतं. गुरुजींनी झाडांना पट्टे मारले, वाटेकडेचे दगड पांढरे केले. फाटकावर 'सहर्ष स्वागत'चा फ्लेक्स लावला. त्यावर हात जोडलेले गुरुजी एवढे मोठे, की मागचं झाड त्यांच्या कानातून उगवल्यासारखं दिसत होतं.

रानाच्या मधल्या मोकळ्या जागेत दगडांचं एक गोल कडं होतं. "वा, आळं केलंय वाटतं हिनं," म्हणत ते खाली बसले. डोक्यावर टिटवी केकाटत झेपावत होती.

"ओरड बाई, ओरड," गुरुजी म्हणाले. चौथीचा वर्ग सांभाळलेल्या कानांना टिटवीचं काय कौतुक!

कडं पांढरंफेक झालं. मधे चार ठिपकेदार खडे होते. ते तरी कशाला सोडा, म्हणून एकावर कुंचा फिरवला. खडा डुलला. हात लावून बघितला तर गरम.

टिटवीची अंडी होती ती! आयुष्यभर पोरांना 'नीट बघा, मग लिहा' म्हणून छड्या मारणारा माणूस तो हाच, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी बाई आल्या, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अवो, कुणाचा पाय पडू न्हाय म्हणून म्या दगडं लावलेली. कावळ्याला लांबून दिसावं म्हणून चुना फासलात व्हय?"

करंजावर दोन कावळे खरंच येऊन बसले होते. टिटवी लांब उभी राहून ओरडत होती, अंड्यांकडं येत नव्हती.

"ती आलीच नाही तर?" गुरुजींनी विचारलं.

बाईंनी ओल्या पदरानं अंडं पुसलं, गुरुजींनी दगडांना माती चोळली. कावळे हलेनात. गुरुजी हात हलवत धावून गेले, तर कावळे एक फांदी वर सरकले. तेवढाच त्यांचा दरारा.

"तो फ्लेक्स काढून आणा," बाई म्हणाल्या.

"अगं, उद्या पाहुणे..."

"आणा म्हणते नव्हं!"

दोन करंजांच्या मधे फ्लेक्स ताणून बांधला. वाऱ्यानं तो फडफडला, गुरुजींचा भलामोठा चेहरा हलला आणि कावळे जे उडाले ते तेरणेच्या धरणाकडंच गेले.

दोघं लिंबाआड दबून बसले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी टिटवी तुरुतुरु आली. फ्लेक्ससमोर थांबली, मान वाकडी करून बघितलं, दोन कडक शिव्या हासडल्या आणि अंड्यांवर जाऊन बसली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमाला भ्याली न्हाय," बाई हसल्या. "वळखते की ती बी."

रविवारी पोरं बाईंनी बांधलेल्या दोरीबाहेरून टिटवी बघत गपगार उभी राहिली. हेडमास्तर हळूच म्हणाले, "गुरुजी, फ्लेक्स फाटकावर पाहिजे होता. इथं आत कोण वाचणार?"

"राहू द्या, सर," गुरुजी म्हणाले. "रान हिनं केलंय. अठरा वर्षांत मी आज पहिल्यांदा कामाला आलोय."