बाऽ ईंझ

"मामे, 'बाऽ ईंझ' नाही म्हणायचं. 'बाइ उंझ' म्हणायचं, बाई म्हणाल्या," मेलबर्नच्या ज्यू मुलांच्या यिद्दिश भाषेच्या शाळेतून येताच पेर्लनं आईला ऐकवलं. "तू नाकातून बोलतेस."

हिंडा शब्बातच्या, शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, पावाचं पीठ मळत राहिली. बाई विल्ना शहराच्या, त्यांचं यिद्दिश शुद्धच असणार. पण हिंडाच्या पोलिश गावात 'आमच्याकडे' म्हणताना 'उ'चा 'ई' व्हायचा आणि 'न' नाकातच विरून जायचा. आई तसंच म्हणायची, धाकटी बहीण त्सिर्लही. युद्धानंतर तसं म्हणणारी हिंडा एकटीच उरली होती. लेकीच्या तोंडून तरी ते ऐकू यावं, एवढीच तिची आशा होती.

"आपल्या दोघींत तरी तसंच म्हण गं, सोन्या."

पेर्लनं नाक मुरडून वेडावलं, "बाऽ ईंऽझ."

हिंडाचे हात पिठातच थांबले. हुबेहूब त्सिर्ल.

"पुन्हा म्हण."

"नको बाई, सगळ्या हसतात," म्हणत पेर्ल बाहेर पळाली आणि शेजारच्या मुलीला इंग्रजीत हाका मारू लागली.

"बाऽ ईंझ," हिंडा पिठाशी पुटपुटली. पुढे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण 'हो गं, आमच्याकडे असंच' म्हणणारं आता जगात कुणी नव्हतं, आणि होणारही नव्हतं.